बांध न फिरता निघालेलं बिऱ्हाड

त्या वर्षी आम्हाला कुणी बसवलं नाही.

आमच्या लोकांना एवढं वाक्य पुरतं. बाकीच्यांना सांगावं लागतं. आम्ही मेंढरंवाले. घर केंदूरच्या माळावर, दोन खोल्या आणि कुसळं उगवणारी थोडी जमीन. दिवाळी झाली की मेंढरं, घोडी, कोंबड्या आणि भांडीकुंडी घेऊन न्हावऱ्यावरून खाली उतरायचं, पारगावच्या पुलावर भीमा ओलांडायची आणि उन्हाळ्यापर्यंत वरवंडच्या आसपासच्या बागायतीत फिरायचं. तिथले शेतकरी मोकळ्या झालेल्या रानात मेंढरं बसवून घेतात. दिवस मावळताना वाघर लावायची, म्हणजे दोरीच्या जाळीचं कुंपण, आणि मेंढरं आत कोंडायची. लेंड्या आणि मूत रानात मुरतं, तेच खत. दोन मुक्काम, तीन मुक्काम. बदल्यात धान्य मिळतं आणि मेंढरांना काढलेल्या पिकाचा पाला. कुणाला बसवायचं हे शेतकरी ठरवतो, आणि तो मेंढरं बघून ठरवत नाही. नाव ऐकून ठरवतो.

त्या वर्षी आप्पा, म्हणजे माझे वडील, एकेका वस्तीवर जायचे आणि परत यायचे.

"औंदा गाळ टाकलाय, आप्पा. पुढल्या साली बघू."

"रान ओलं हाय अजून."

"पोरगं पुण्याला गेलंय. ते आलं की इचारतो अन् निरोप धाडतो."

तुम्हाला बसवणार नाही, असं एकानेही म्हटलं नाही. उलट चहा पाजला, तब्येत विचारली. आणि दुसऱ्या दिवशी त्याच ओल्या रानात दुसऱ्या कुणाची तरी वाघर लागलेली दिसायची.

आईने चार दिवस कळ काढली. पाचव्या दिवशी ती डोक्यावरचा पदर सारखा करून एकटीच निघाली आणि दारोदार सांगत फिरली, "धान्य नगं, काय नगं. फुकट बसवा. नुसता पाला खाऊ द्या मेंढरांस्नी." तिचा हिशोब सरळ होता. फुकट मिळतंय ते कोण नको म्हणेल? पण आमचं खत फुकट कधीच नसतं. एका दारात म्हातारीने तिच्या तोंडावर म्हटलं, "फुकट बसवायला निघालीस म्हंजी काय तरी काळंबेरं हाय बया." ज्यांच्या मनात तोवर नुसती शंका होती, त्यांची त्या दिवशी खात्री झाली. आई परत आली आणि चुलीपुढे उलथणं हातात धरून तशीच बसून राहिली. भाकरी करपली तरी उठली नाही.

महिनाभर मेंढरं हायवेच्या कडेची धूळ बसलेली गवतं खात होती. दोन कोकरं गाड्यांखाली गेली. आम्ही संक्रांतीच्या आधीच केंदूरला परतलो, तर माळावर चारा नाही. मेंढ्यांना दूध नाही म्हणून कोकरं मरायला लागली. आई दुसऱ्यांच्या रानात कांदे काढायला जायला लागली. पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षी तेच. दीडशे मेंढरांची शंभर झाली, मग सत्तर.

हे सगळं माझ्यामुळे झालं होतं, आणि हे घरात मला आणि आप्पांना सोडून कुणालाच माहीत नव्हतं.

त्याच्या आदल्या वर्षी मी बारा वर्षांची होते. शाळेसाठी मी केंदूरला मावशीकडे राहायचे आणि सुट्टी लागली की बिऱ्हाडावर जायचे. वरवंडजवळच्या एका आबांच्या रानात आमचा तिसरा मुक्काम होता. आईबाप नसलेल्या माणसाशी बोलावं तसं ते आप्पांशी मायेने बोलायचे. दरवर्षीचं पहिलं आवतण त्यांचंच. दुपारची वेळ. आप्पा घोडीला पाण्यावर घेऊन गेले होते, आई बाजाराला. मेंढरांमागे मी. एका बाजूला मोकळं रान, मध्ये बांध, पलीकडे आबांचा कांदा, हिरवागार, महिन्याभरात काढणीला येईल असा.

माझ्या हातात आप्पांचा साधा फोन होता आणि त्यात तो सापाचा खेळ. साप दाणे खातो, लांब होतो, स्वतःला धडकला की मेला. मेला तरी काय, बटण दाबलं की नवा साप. त्या दुपारी माझा साप कधी नव्हे एवढा लांब झाला होता. दोन मेंढ्या बांधावर चढल्या. मला दिसल्या नाहीत असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले, म्हणून इथं स्वच्छ लिहिते: मला दिसल्या. मनात म्हटलं, एवढा डाव होऊ दे.

मेंढरू एकामागे एक जातं. मी मान वर केली तेव्हा मोकळ्या रानात एकही नव्हतं.

आप्पा ओरडत आले, मेंढरं हाकलली, पण तोवर तीन वाफे गेले होते, खाल्लेले कमी आणि तुडवलेले जास्त. त्यांनी मला मारलं नाही. हातातला फोन घेऊन कोपरीच्या खिशात टाकला आणि म्हणाले, "कुणी इचारलं तर तू पालावर हुतीस. मेंढरांमागं मी हुतो. ध्यानात ऱ्हाईल?"

मी मान हलवली.

आता आमच्यातली एक रीत सांगायला हवी. मुक्काम संपला की निघायच्या सकाळी मेंढका मालकाला बरोबर घेऊन बांध फिरतो. मालक पुढे, मेंढका मागे, चारी बाजू. शेवटच्या कोपऱ्यावर मालक थांबतो आणि विचारतो, "काय सांगायचं राहिलंय का?" फांदी मोडली असेल, पाइप फुटला असेल, मेंढरू पिकात शिरलं असेल, तर ते तिथं सांगायचं. सांगितलं की भरपाई ठरते, धान्य कमी होतं आणि विषय मिटतो. वर पुढल्या वर्षाचं आवतणही तिथंच मिळतं. बांधावर खोटं बोलायचं नाही, एवढाच नियम. तो कुठं लिहिलेला नाही आणि तो मोडलेला मी ऐकला नव्हता.

आप्पांनी दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत बिऱ्हाड हलवलं. बांध न फिरता. धान्यही न घेता.

नुकसान तीन वाफ्यांचं होतं. पुढच्या बाजारापर्यंत ते एकराचं झालं. पुढच्या गावात दोन एकरांचं. पारगावच्या अलीकडे तर असं झालं होतं की त्या मेंढक्याने जाताना आबांची शेळीही नेली. आबा स्वतः कधी काही बोलले नाहीत म्हणे. ते बोलले नाहीत म्हणूनच लोकांना जास्त खरं वाटलं.

मी शिकले. शिरूरच्या कॉलेजातून कॉम्प्युटर घेऊन बी.एस्सी. झाले. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मी, हे मी मिरवते आणि मिरवताना मला लाज वाटत नाही. केंदूरहून दोन एसट्या बदलून गेले, उभी राहून गेले, एका ड्रेसवर एक वर्ष काढलं. पण पदवीचा कागद आप्पांच्या हातात दिला तेव्हा मला एवढंच दिसत होतं की दारातली मेंढरं आता मान न वळवताही मोजता येत होती. चाळीस.

पुण्यात एका लहानशा गेम बनवणाऱ्या कंपनीत मला टेस्टरची नोकरी लागली. म्हणजे दिवसभर गेम खेळायचा आणि कुठं काय बिघडलंय ते लिहून काढायचं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "एवढं शिकून खेळायची नोकरी? बरं झालं, कुणी इचारलं तर बँकेत हाय सांगीन."

आमची कंपनी रोल-प्लेइंग गेम बनवत होती. म्हणजे असा खेळ, ज्यात तुम्ही कुणीतरी एक होता, एका जगात फिरता, भेटेल त्या माणसाशी बोलता आणि काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवता. आमच्या गेममधला हिरो गावोगाव फिरणारा एक शिलेदार होता. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक हिरवी पट्टी. ती त्याची रेप्युटेशन. कुणाची कोंबडी चोरली की पट्टी पाचने कमी. तीन पोती गहू दिले की पंधराने जास्त, आणि सगळं गाव एकदम हसायला लागायचं, ज्याची कोंबडी गेली तोसुद्धा.

मीटिंगमध्ये हे दाखवलं तेव्हा मला हसू फुटलं. आमचा लीड, म्हणजे सगळ्या डिझाइनचा प्रमुख, पुण्यातच वाढलेला, मनाने चांगला पण तोंडाने फटकळ.

"काय झालं हसायला?"

"काही नाही. गहू दिले की कोंबडी विसरतात?"

"गेम आहे अगं तो. प्लेअरला परत यायला मार्ग नको?"

"मग गावात माणसं कशाला ठेवली? वजनकाटा ठेवा एक."

बाकीचे हसले. तो हसला नाही. खुर्ची माझ्याकडे वळवून म्हणाला, "बरं. तुमच्या गावात काय होतं, सांग."

मी एका मेंढक्याची गोष्ट सांगितली. तो मेंढका माझा बाप आहे हे सांगितलं नाही. गाळ टाकलाय, रान ओलं आहे, पोरगं पुण्याला गेलंय, हे सगळं सांगितलं. फुकट बसवायला निघालेल्या बाईचंही सांगितलं.

"पण आकडा दिसला नाही तर प्लेअरला कळणार कसं, आपलं नाव गेलंय ते?" लीडने विचारलं.

"कारणं मिळायला लागली की कळतं."

त्याने वहीत काहीतरी टिपलं. मग म्हणाला, "एक गाव तुझं. दिवाळीपर्यंत. नाही जमलं तर माझी हिरवी पट्टी परत, आणि मग हसायचं नाही."

मी जीव ओतला. पट्टी काढून टाकली. बातमी आठवडे बाजाराच्या दिवशी एका गावातून दुसऱ्या गावात जाईल आणि जाताना वाढत जाईल, असं केलं. ज्याचं नुकसान झालं त्याला खरं तेवढंच माहीत, तिसऱ्या गावाला शेळीसकट. नाव माणसाला नाही, त्याच्या सगळ्या बिऱ्हाडाला चिकटेल, म्हणजे बरोबरच्या सोबत्याने केलं तरी तुमच्याच दारात कारणं येतील. बापाने आवतण दिलं तर पोरगा मोडेल. न मागता काही द्यायला गेलात तर लोक एकमेकांकडे बघतील आणि दार थोडं अजून लागेल. प्रोग्रामिंग करणारे वैतागले. "तुझ्या गावात साधं 'नाही' म्हणता येत नाही का लोकांना?" एकाने विचारलं. मी म्हटलं, नाही.

मग बाहेरची दहा माणसं आणून गेम खेळून घेतला. मी काचेमागून बघत होते. प्रत्येकाने कुठं ना कुठं लहानशी चूक केली, खेळात करतातच. मग कारणं सुरू झाली. पहिल्यांदा त्यांनी ती खरीच धरली. मग चेहरे बदलले. दारं ठोठावली, भेटी वाटल्या, दारं आणखी लागली. एक मुलगा तर गावातल्या प्रत्येक घरी तीन-तीनदा गेला. त्याला कुणी हाकललं नाही. सगळ्यांनी पाणी दिलं. शेवटी त्याने हातातला कंट्रोलर खाली ठेवला आणि शेजारच्याला म्हणाला, "ये गाँव तो माफ ही नहीं करता, यार." आणि "नवा खेळ"चं बटण दाबलं.

मला तो साप आठवला. बटण दाबलं की नवा.

दहापैकी आठ जणांनी खेळ अर्ध्यात सोडला.

"खरं सांगू? अंगावर आलं," लीड म्हणाला. "पण हे कुणी पैसे देऊन खेळणार नाही. माणसाने चूक केल्यावर परत यायची वाट कुठं आहे यात?"

"नाही."

"नाही म्हणजे?"

"म्हणजे मला माहीत नाही. मी बघितलेली नाही."

त्यानंतरच्या आठवड्यात मला दोन मीटिंगचं बोलावणं आलं नाही. विचारलं तर कळलं, खोली लहान होती. मग कळलं, तुझं टेस्टिंग चालू होतं ना, म्हणून. मी माझ्याच गेममध्ये येऊन पडले होते. कारणं ओळखायला मला कुणी शिकवावं लागत नाही.

त्याच आठवड्यात आप्पांचा फोन आला. ते फोनवर लांबड लावत नाहीत.

"दिवाळी झाली की मेंढरं इकतोय. गिऱ्हाईक बघितलंय. तुला म्हाईत असावं म्हून सांगितलं."

"का?"

"खाली कुणी बसवत न्हाई. वर चारा न्हाई. कशाला मारायची?"

त्यांचा आवाज सपाट होता. मेंढरं विकणं म्हणजे आप्पांनी स्वतःच्या तोंडाने कबूल करणं की लोक म्हणतात तसाच मी आहे. तेच नाव घेऊन ते मरणार होते. आणि ते नाव त्यांचं नव्हतं.

मी सुट्टी टाकून केंदूरला गेले. आई कांद्याच्या रोजाला गेली होती. आप्पा दारात बसून वाघरीची गाठ सोडत होते. विकायची तर धड विकावी म्हणून दुरुस्त करत होते. मी समोर बसले आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

"आप्पा, तुमी त्या दिशी बांध का न्हाई फिरलात? तीन वाफेच हुतं. सांगितलं असतं तर मिटलं असतं. आबांनी काय मारलं असतं व्हय?"

ते गाठ सोडतच राहिले.

"आबांनी इचारलं असतं, मेंढरांमागं कोण हुतं म्हून."

"मग? तुमी सांगणार हुतात ना, मी हुतो म्हून?"

"ते लोकास्नी. बांधावर कसं सांगू?" मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आन् खरं सांगितलं असतं तर तुझ्या चुलत्यांनी तुला दुसऱ्या दिशी शाळंतनं काढली असती. आधीच बोलत हुते, पोरगी शिकवून बिघडवतोय म्हून. मंग काय करायचं? निघालो."

म्हणजे आप्पा आबांना भिऊन पळाले नव्हते. खरं बोलावं तर माझी शाळा जात होती, खोटं बोलावं तर बांध आडवा येत होता. म्हणून ते बांधावर गेलेच नाहीत. आणि लोकांनी नेमकं तेच लक्षात ठेवलं. शिक्षणाचा मी एवढा अभिमान मिरवत होते, त्याची पहिली फी अशी भरली गेली होती.

मी तिथून पुण्याला परत आले नाही. दुसऱ्या दिवशी वरवंडला उतरले. वाटेत पेढे घ्यायला दुकानात शिरले आणि तशीच बाहेर आले. रिकाम्या हाताने जायचं हे आईने दारोदार फिरून मला शिकवलं होतं.

आबा आता थकले होते. ओसरीवर खुर्चीत बसून ते नातवाकडून फोनवरचा बाजारभाव वाचून घेत होते.

"कोण गं तू बाई?"

"मेंढक्याची पोर हाय मी, आबा. केंदूरची."

"कुठल्या मेंढक्याची?"

"बांध न फिरता गेला, त्याची."

त्यांनी नातवाला हाताने थांबवलं. मला वरपासून खालपर्यंत बघितलं, पायातल्या बुटांपर्यंत.

"मोठी झालीस की. आन् आता काय, कांदा परत द्यायला आलीस?"

"न्हाई. सांगायला आले. त्या दिशी मेंढरांमागं आप्पा नव्हते. मी हुते. फोनवर खेळत हुते. मेंढ्या चढताना दिसल्या, तरी उठले न्हाई."

हे वाक्य मी एसटीत वीस वेळा मनात म्हटलं होतं, तरी तोंडातून निघताना तुटत गेलं. आबा नातवाकडे वळले. "ऐकलं का रं? तुझ्यावानीच." मग माझ्याकडे: "पाणी पी."

पाणी आलं. पाणी देतात ते मला माहीत होतं. पुढे कारण येतं.

"आबा, आप्पा मेंढरं इकाय निघालेत."

"इकू दे की. मी काय करू?" त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "तुला वाटतंय मला कांद्याचं वाईट वाटलं? दर साली पावसानं जातंय त्याच्या धा पट. माणूस माझ्या घरचं खाऊन न सांगता गेला. मी सकाळी च्या घिऊन रानात गेलो, तर चूल इझलेली. दोन कप घिऊन उभा राहिलो मी बांधावर, खुळ्यासारखा. लोकांनी इचारलं तवा काय सांगायचं मी?"

"म्हून मी आले ना सांगायला."

"तुझ्या सांगण्यानं काय हुतंय? वाफे तू घालवलेस. बांध फिरायचा बापानं ठिवलाय. त्याला धाडून दे." आणि नातवाला म्हणाले, "व्हय, वाच पुढं."

वाट होती. पण ती आप्पांच्या पायाखालून जात होती आणि आप्पा काही केल्या उठेनात. "चौदा वर्षांनी कुठला बांध? त्यांनी ऊस केलाय आता तिथं. आन् तू गेलीसच कशाला? माझी राहिलेली अब्रू बी घालवलीस." दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. आई कामावरून आली की आमच्या दोघांच्या तोंडांकडे बघायची. तिसऱ्या दिवशी मी तिला सगळं सांगितलं. तिने हातातली बादली खाली ठेवली. मला वाटलं, आता ही मला बोलेल. ती आप्पांना म्हणाली, "म्हंजी मी दारोदार फुकट फुकट करत फिरले तवा तुमास्नी म्हाईत हुतं?"

आप्पा वाघर गुंडाळायला लागले.

"उठा. उद्या जावा. न्हाईतर मी जाते, आन् ह्या टायमाला समदं सांगत फिरते."

आप्पांनी धुतलेलं धोतर नेसलं. मी त्यांना घेऊन आबांकडे गेले आणि तिघं बांधावर निघालो. आबा काठी टेकत पुढे, आप्पा मागे, मी त्यांच्या मागे. तीन बाजूंना ऊस होता, बांध जुन्या जागेवरून हातभर सरकलेला, मध्येच ठिबकच्या नळ्यांची वेटोळी. तिसऱ्या बाजूला आबांना दम लागला. आप्पांनी हात पुढे केला, आबांनी तो घेतला नाही. मला वाटलं, संपलं. इथून परतायचं.

शेवटच्या कोपऱ्यावर आबा थांबले. उसाकडे बघत म्हणाले, "काय सांगायचं राहिलंय का?"

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. सव्वीस वर्षांची, नोकरी करणारी बाई मी, मला काय होणार होतं आता? पण त्यांच्या डोळ्यांत मी बाराचीच असावे. मग ते आबांकडे वळले.

"मेंढरांमागं माझी पोर हुती. मी तिला झाकली. आन् तुमास्नी न सांगता गेलो."

"किती वाफे?"

"तीन."

"तीनच हुते," आबा म्हणाले. "गावात दोन एकर म्हणत्यात." मग काठीने खालचं रान दाखवलं. "त्या तुकड्यातला ऊस दिवाळीनंतर तुटंल. धान्य देणार न्हाई. तीन वाफ्याचं त्यात फिटलं. तीन मुक्काम बसवा."

एवढंच. गळ्यात पडणं वगैरे काही झालं नाही. परत जाताना शेजारच्या वस्तीवरच्या एका शेतकऱ्याने आप्पांना बघितलं, राम राम केला, आणि आपणहून म्हणाला की औंदा त्यानं गाळ टाकलाय.

पुण्यात आल्यावर मी लीडपुढे कागद ठेवला. गावात परतायची वाट एकच. जिथं चूक झाली त्याच जागी जायचं, रिकाम्या हाताने, ज्याचं नुकसान झालं त्याच्याबरोबर चारी बाजू चालायचं. घाईने पुढे पळता येणार नाही. शेवटी तो एकच प्रश्न विचारेल, आणि खरं उत्तर दिलं तर तुमच्या बरोबरच्या कुणाला तरी ते लागेल. एवढं करून एकच घर उघडेल. बाकीच्या गावांत ते हळूहळू जाईल, वाईट बातमीपेक्षा कितीतरी हळू, आणि काही दारं तशीच राहतील.

"एकच घर?" लीड म्हणाला. "एवढ्या चालण्याला?"

"एकच."

"लोक सोडतील."

"बघू."

पुन्हा दहा माणसं आली. तो कंट्रोलर ठेवणारा मुलगाही आला. तिसऱ्या बाजूला म्हाताऱ्याचं पात्र दम लागून थांबलं, तेव्हा त्याने हात पुढे करायचं बटण दाबलं. म्हाताऱ्याने घेतला नाही. मुलगा काचेपलीकडे पुढे सरकून बसला. कोपऱ्यावर प्रश्न आला तेव्हा त्याने लगेच उत्तर निवडलं नाही. मी घड्याळ बघत होते. त्याने पूर्ण दोन मिनिटं घेतली. मग खरं उत्तर निवडलं. दहापैकी दोघांनी सोडलं.

गेम बाहेर आला. हिरवी पट्टी त्यात नाही. ते गाव माझं आहे आणि आता माझी नोकरी टेस्टरची नाही, डिझायनरची आहे. दिवाळीनंतर आप्पांनी आबांच्या रानात वाघर लावली. तीन मुक्काम झाले. निघायच्या सकाळी दोघांनी बांध फिरला, आणि पुढल्या वर्षाचं आवतण मिळालं. मेंढरं विकली नाहीत. चाळीस होती, आता छप्पन्न आहेत.